पंधरा मिनिटांच्या शस्त्रक्रियेला अकरा वर्षे का लागतात?

घोडबंदर रोड, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि ठाणे शहर यांची वाहतूक जिथे एकमेकांत मिसळते, ते माजिवडा. गेल्या काही दशकांत इथे आणि आसपास टॉवर उभे राहिले. त्यांतल्या घरांत वर्षातून एकदा तरी गावाकडून आई किंवा वडील येतात ते मोतीबिंदू काढून घ्यायला. सकाळी नंबर लागतो, दुपारच्या जेवणाला आजी काळा चष्मा लावून घरी हजर. टाका नाही, पट्टीही बऱ्याचदा नाही. मग बिल पाहून कुणीतरी हमखास म्हणते, “पंधरा मिनिटांचं काम, आणि एवढे पैसे?”

प्रश्न चुकीचा नाही. काम खरेच पंधरा-वीस मिनिटांचे असते. मग बारावीनंतर ते शिकायला दहा-अकरा वर्षे कशाला लागतात?

सुरळीत चाललेली शस्त्रक्रिया करायला हात त्या मानाने लवकर शिकतो. ती बिघडणार आहे हे बिघडण्याआधी ओळखायला, आणि बिघडलीच तर डोळा वाचवायला मात्र वेळ लागतो. हे नीट कळण्यासाठी आधी डोळ्यात नेमके काय घडते ते पाहू.

साल, गर आणि कोय

डोळ्यातले भिंग म्हणजे एक इवलासा आंबा समजा. बाहेर पातळ साल, आत मऊ गर, मधोमध कोय. मोठ्या माणसाच्या डोळ्यात हा आंबा ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ मिलिमीटर जाड असतो. तरुणपणी तो पूर्ण पारदर्शक असतो. वय वाढते तशी त्यातली प्रथिने बदलत जातात, प्रकाश सरळ आरपार न जाता विखुरतो आणि दिसणे धूसर होते. हाच मोतीबिंदू. डोळ्यावर वरून काही ‘वाढत’ नाही, भिंगच गढूळ होते. म्हणून तो थेंबांनी जात नाही, भिंगच बदलावे लागते.

सर्जनचे काम असे. पुढच्या सालीला साधारण ५ मिलिमीटरची गोल खिडकी पाडायची. तिच्यातून कोय फोडून तुकड्या-तुकड्यांनी काढायची. उरलेला गर चोखून घ्यायचा. मागची साल मात्र होती तशी ठेवायची, कारण त्या रिकाम्या सालीतच घडी घातलेली कृत्रिम लेन्स सोडायची असते. ती आत गेल्यावर उलगडते आणि तिथेच बसते. हे सगळे डोळ्याच्या कडेला घेतलेल्या २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून.

खरी मेख त्या मागच्या सालीत आहे. मधोमध तिची जाडी जेमतेम ४ मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. साल फाटली तर तिच्यामागचा व्हिट्रियस हा जेलीसारखा पदार्थ पुढे येतो. कधी कोयीचा तुकडा मागे निसटून थेट पडद्यावर जाऊन बसतो. मग पंधरा मिनिटांचे काम तासभर चालते आणि कधीकधी पडद्याच्या डॉक्टरांना बोलवावे लागते. नेत्रशल्याच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त भीती असते ती याचीच.

दोन हात, दोन पाय

ही शस्त्रक्रिया बसून, मायक्रोस्कोपखाली होते. एका हातात फेकोचा, म्हणजे कंपनाने कोय फोडणाऱ्या यंत्राचा, प्रोब, दुसऱ्या हातात कोय फिरवण्याचे किंवा फोडण्याचे बारीक हत्यार. एका पायाखाली मायक्रोस्कोपचे पेडल असते, त्याने दृश्य जवळ-दूर किंवा डावी-उजवीकडे सरकवायचे. दुसऱ्या पायाखाली फेको यंत्राचे पेडल. ते थोडे दाबले की डोळ्यात पाणी सोडले जाते, आणखी दाबले की ओढ सुरू होते, पूर्ण दाबले की प्रोबची सुई सेकंदाला साधारण ४० हजार वेळा कंप पावू लागते आणि कोय फुटते.

यंत्र डोळ्यात जेवढे पाणी सोडते तेवढेच ओढून घेते, म्हणून डोळ्याचा पुढचा कप्पा फुगलेला राहतो. आता कोयीचा एक तुकडा सुईच्या तोंडाशी अडकला आहे आणि मागे ओढ वाढते आहे, असे समजा. तुकडा एकदम आत गेला की साठलेली ओढ क्षणात मोकळी होते, कप्पा दबतो आणि मागची साल उसळून सुईकडे येते. ती फाटायला एवढे पुरते. यंत्रे आता ही उसळी बऱ्यापैकी आवरतात, तरी तुकडा आत जाण्याच्या बेतात असताना पाय नेमका वर घेणे हे शिकावेच लागते. ते पुस्तकात वाचून येत नाही. पायाला सवय व्हावी लागते.

जपायची आणखी एक जागा म्हणजे कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार पेशी. त्या मेल्या की नव्या येत नाहीत. सुईचे कंपन जास्त वेळ चालले किंवा तुकडे या थरावर आपटले तर त्या कमी होतात. फारच कमी झाल्या तर कॉर्नियात पाणी भरते आणि तो धुरकट होतो. म्हणून सर्जन सुरुवातीलाच डोळ्यात एक घट्ट पारदर्शक जेल भरतो. ते कप्पाही फुगवून ठेवते आणि या पेशींना आडोसाही देते.

हात थरथरत नाही का, असे लोक विचारतात. थोडा थरथरतोच, सगळ्यांचाच. पण करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट रुग्णाच्या कपाळावर किंवा गालावर टेकवले की हाताला आधार मिळतो, आणि हालचाल फक्त बोटांच्या टोकांनी होते. बसावे कसे, खुर्ची किती उंच, कोपर कुठे, हे शिकवायला वरिष्ठ डॉक्टर सुरुवातीचे कितीतरी दिवस घालवतात ते यासाठीच.

शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतची वाट

बारावीनंतर नीट परीक्षा, मग साडेचार वर्षे एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. ठाणेकरांना सगळ्यात जवळचे सार्वजनिक महाविद्यालय म्हणजे खाडीपलीकडचे कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, ठाणे महापालिकेने १९९२ साली सुरू केलेले. मुंबईला गेले की १८४५ सालचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याचे जेजे रुग्णालय, शिवाय परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचे नायर.

एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत डोळ्यांच्या वाट्याला एक विषय आणि वॉर्डातले काही आठवडेच येतात. खरे नेत्रशिक्षण पुढच्या तीन वर्षांचे. त्यासाठी नीट-पीजी देऊन एमएस किंवा डीएनबीची जागा मिळवावी लागते. या तीन वर्षांत रेसिडेंट म्हणून रुग्णालयातच राहायचे, ओपीडी सांभाळायची, प्रबंध लिहायचा आणि शस्त्रक्रिया शिकायच्या. महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिका महाविद्यालयांतून शिकलेल्यांना बाँडप्रमाणे एक वर्षाची सेवाही द्यावी लागते.

पहिल्या वर्षी हत्यारापेक्षा टॉर्च जास्त हाती असतो. चष्म्याचा नंबर काढणे, स्लिट लॅम्पवर डोळा तपासणे, बाहुली मोठी करून पडदा पाहणे हे शेकडो वेळा करावे लागते. बाहेरून कंटाळवाण्या वाटणाऱ्या या कामातच सर्जनची नजर तयार होते. बाहुली नीट मोठी होत नाही, भिंग किंचित हलते आहे, कधीकाळी डोळ्याला मार लागला होता, रुग्ण प्रोस्टेटची एक विशिष्ट गोळी घेतो आणि त्या गोळीने बाहुलीचा पडदा शस्त्रक्रियेत ढिला पडतो: अशा खुणा टेबलावर जाण्याआधी दिसल्या की निम्मे संकट टळते.

लेन्सचा नंबरही याच टप्प्यावर ठरतो. डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजून तो सूत्राने काढतात. डोळा साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो. मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो. शस्त्रक्रिया अगदी देखणी होऊनही रुग्ण नाराज, असे घडते तेव्हा कारण बऱ्याचदा इथे असते.

पहिला धडा बकऱ्याच्या डोळ्यावर

माणसाच्या डोळ्याला हात लावण्याआधी सराव होतो तो खाटिकखान्यातून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांवर. प्रयोगशाळेत ते थर्मोकोलच्या साच्यात बसवून छेद घेणे, टाके घालणे, सालीला गोल खिडकी पाडणे गिरवले जाते. पण बकऱ्याचे भिंग मऊ आणि पारदर्शक असते, फोडायला त्यात कोयच नसते. म्हणून काही ठिकाणी तो डोळा काही सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. भिंग घट्ट आणि पांढरे होते, आणि सरावापुरता मोतीबिंदू तयार होतो. शिवाय बकऱ्याची साल माणसापेक्षा जास्त लवचिक असते, त्यामुळे तिच्यावर जमलेली खिडकी माणसाच्या डोळ्यात पहिल्याच वेळी जमेल असे नाही. आता काही संस्थांत संगणकावर चालणारे सिम्युलेटरही आले आहेत.

पुढचा टप्पा मायक्रोस्कोपच्या शेजारच्या नळीतून वरिष्ठांची शस्त्रक्रिया पाहण्याचा आणि मग तिचा एकेक तुकडा स्वतः करण्याचा. आणि इथला क्रम उलटा असतो. नवख्याला आधी सहसा शेवटची पायरी देतात: जेल धुऊन काढणे, छेदाच्या कडांत पाणी भरून तो बंद करणे. मग लेन्स बसवणे. मग गर चोखणे. गोल खिडकी आणि कोय फोडणे शेवटी. कारण सोपे आहे. शेवटची पायरी चुकली तर वरिष्ठ लगेच सावरून घेतात. पहिल्या पायरीत खिडकीची कड फाटून मागे गेली तर पुढची प्रत्येक पायरी धोक्यात येते.

खिडकी पाडणे ही तर परीक्षाच. साल पारदर्शक, तिची कड दिसायची कशी? मायक्रोस्कोपचा प्रकाश थेट पडद्यावर पडून परततो आणि बाहुली नारिंगी-लाल दिसते. त्या उजेडावर सालीची कड उमटते. मोतीबिंदू पांढराफट्ट असेल तर हा उजेड परततच नाही. अशा वेळी ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग टाकून साल रंगवून घेतात.

आधी मोठा छेद, मग छोटा

फेको यंत्राचे एवढे नाव असताना आपल्या बहुतेक सरकारी महाविद्यालयांत रेसिडेंट आधी एसआयसीएस ही पद्धत शिकतो. हिच्यात कोय फोडत नाहीत. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून साधारण ६ मिलिमीटरचा तिरका बोगदा करून ती अख्खी बाहेर काढतात. बोगदा आतून झडपेसारखा बंद होतो, टाका लागत नाही. यंत्राचा खर्च वाचतो, आणि फार कठीण कोयीला ही पद्धत सोयीची पडते.

तिचा आणखी एक फायदा आहे. फेको चालू असताना गणित बिघडतेय असे वाटले तर सर्जन यंत्र बाजूला ठेवून छेद वाढवतो आणि या पद्धतीने काम पुरे करतो. ज्याला हा दुसरा रस्ता येतो तो पहिल्या रस्त्यावर हट्ट करत नाही. फेको किती सुंदर केले यावर शिकाऊ डॉक्टरची पारख होतेच, पण जाणते शिक्षक त्याने कुठे हात थांबवला तेही पाहतात.

याच संदर्भात घराघरातला तो जुना सल्ला: “मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू.” एके काळी तो बरोबर होता. तेव्हा भिंग सालीसकट काढत आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा देत. त्या चष्म्याने दिसणे फारसे सुखाचे नव्हते, त्यामुळे नजर अगदीच गेल्याशिवाय कुणी हात लावत नसे. आता उलट आहे. मोतीबिंदू जास्त पिकला की कोय कडक आणि तपकिरी होते, ती फोडायला कंपन जास्त लागते आणि कॉर्नियाच्या पेशींना फटका बसतो. वाचणे, रस्ता ओलांडणे, स्वयंपाक, गाडी चालवणे यांत अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेचा विचार करावा. त्यासाठी आंधळेपणाची वाट पाहायची नसते.

तंत्र बदलले की पुन्हा विद्यार्थी

सुश्रुताच्या काळात सुईने भिंग मागे ढकलत. १७४७ साली फ्रान्समध्ये जाक दाव्हिएलने ते छेद घेऊन बाहेर काढले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेच्या जागी वापरलेल्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळे बिथरत नाहीत, हे हेरॉल्ड रिडलीने हेरले आणि १९४९ साली लंडनमध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली. चार्ल्स केल्मनला कंप पावणाऱ्या सुईची कल्पना सुचली ती दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या यंत्रावरून. १९६७ साली त्याने फेकोची पद्धत मांडली.

महाराष्ट्रातले एक नाव घेतले की हा बदल एकाच माणसाच्या कारकिर्दीत किती मावू शकतो ते कळते. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने १९८५ साली औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, नेत्रशल्यात एमएस झाले. तेव्हा सार्वजनिक रुग्णालयांत जाड चष्म्याचीच शस्त्रक्रिया सर्रास होती. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला आणि कृत्रिम लेन्स सामान्य रुग्णापर्यंत पोचली. त्या काळातल्या सर्जनांना, हात एका पद्धतीत मुरलेला असताना, पुन्हा शिकाऊ होऊन दुसरी पद्धत आणि मग तिसरी आत्मसात करावी लागली.

डॉ. लहाने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून १९९४ साली जेजेत आले. १९९५ मध्ये त्यांच्या आईने त्यांना आपले मूत्रपिंड दिले. त्यानंतर जेजेतल्या आणि शिबिरांतल्या मिळून त्यांच्या मोतीबिंदू शस्त्रक्रिया लाखाच्या पुढे गेल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे ते जेजेचे अधिष्ठाताही झाले.

एवढ्या संख्येला अर्थ काय? मदुराईत १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद रुग्णालयाने त्याचे एक उत्तर दिले: एका सर्जनसाठी दोन टेबले, एका टेबलावर काम चालू असताना परिचारिका दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार ठेवतात, म्हणजे सर्जनचा हात रिकामा राहत नाही आणि खर्चही उतरतो. दुसरे उत्तर कॅनडातून आले. ऑन्टॅरियो प्रांतातल्या अडीच लाखांहून जास्त मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला ५० ते २५० शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या हातून हजारी सुमारे ८ रुग्णांत गुंतागुंत झाली होती. हजाराहून जास्त करणाऱ्यांच्या बाबतीत हजारी सुमारे १.

पदवीनंतर

एमएस झाल्यावर बरेचजण एक-दोन वर्षांची फेलोशिप करतात. पडदा, काचबिंदू, कॉर्निया, लहान मुलांचे डोळे आणि तिरळेपणा, पापण्या आणि अश्रुमार्ग या तिच्या मुख्य शाखा. मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद ही ठिकाणे सगळ्यांना ठाऊक असतात. आपल्याकडे पुण्याचे एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय आणि पनवेलची लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट जवळची.

मग तिशीच्या आसपास नोकरी की स्वतःचा दवाखाना हा प्रश्न उभा राहतो. माजिवड्यासारख्या भागात जागेचे भाडे, मायक्रोस्कोप, फेको यंत्र, डोळ्याची लांबी मोजणारे यंत्र, निर्जंतुक ओटी आणि प्रशिक्षित माणसे हे सगळे एकदम उभे करणे कर्जाशिवाय अवघड. म्हणून अनेकजण सुरुवातीची वर्षे दोन-तीन रुग्णालयांत व्हिजिटिंग सर्जन म्हणून फिरतात: सकाळी एका ठिकाणी शस्त्रक्रिया, संध्याकाळी दुसरीकडे ओपीडी. आजीच्या बिलात लेन्सची किंमत असते, तसा या सगळ्याचाही वाटा असतो.

सर्जनच्या स्वतःच्या शरीरालाही याची किंमत मोजावी लागते. वर्षानुवर्षे मायक्रोस्कोपवर वाकून मान आणि पाठ धरते. चाळिशीत वाचायचा चष्मा लागतो त्याची मात्र मोठी अडचण होत नाही, मायक्रोस्कोपची नळी आपल्या नंबराप्रमाणे फिरवून घेता येते. दोन्ही डोळ्यांनी खोली ओळखण्याची क्षमता मात्र शाबूत हवी, कारण सुईचे टोक आणि मागची साल यांतले अंतर तिनेच कळते.

थोडक्यात

• एमबीबीएस साडेचार वर्षे, इंटर्नशिप १ वर्ष, एमएस किंवा डीएनबी ३ वर्षे, सरकारी जागेवर शिकलेल्यांना बाँडचे १ वर्ष, फेलोशिप १ ते २ वर्षे. एकूण साडेदहा ते साडेअकरा वर्षे.
• मोतीबिंदू म्हणजे भिंगाचाच गढूळपणा. थेंबांनी तो जात नाही.
• शस्त्रक्रियेचे यश भिंगाची मागची साल आणि कॉर्नियाच्या पेशी शाबूत राहण्यावर अवलंबून असते.
• रेसिडेंट आधी बकऱ्याच्या डोळ्यावर, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली एकेक पायरी शिकतो. सोप्या, शेवटच्या पायऱ्या आधी.
• मोतीबिंदू फार ‘पिकू’ देणे आता तोट्याचे.

तुम्ही काय विचारावे

डॉक्टर निवडताना बहुतेक घरांत चर्चा होते ती लेन्स भारतीय घ्यावी की परदेशी, आणि शस्त्रक्रिया किती मिनिटांत होते याची. त्यापेक्षा उपयोगी प्रश्न वेगळे आहेत. माझा मोतीबिंदू किती कडक आहे? बाहुली नीट मोठी होते का? पडदा तपासला का? मधुमेह आहे, त्याचा काही परिणाम? कुठली गोळी आधी सांगायला हवी? आणि मध्येच अडचण आली तर पुढची सोय इथे आहे, की दुसरीकडे पाठवाल?

या प्रश्नांना न चिडता, नेमकी उत्तरे देणारा डॉक्टर तुमच्या डोळ्यातली अवघड जागा आधीच पाहून बसलेला असतो. बिल भरताना त्या पाहण्याचीही किंमत आपण मोजत असतो.